दक्षिणेचं दार

खंडूनाना शाळेत खिडकीतून येतात. वय सत्तरीच्या पुढं, डोक्यावर टोपी, धोतराचा काचा मारलेला. आधी काठी आत पडते, मग एक पाय, मग उरलेले नाना. पंधरा ऑगस्ट असो की पालकसभा, दार सताड उघडं असलं तरी हा माणूस खिडकीतूनच येणार.

चांदवडजवळच्या या गावात मी नाशिकहून मुख्याध्यापिका म्हणून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापुढं ती काठी येऊन पडली. मी किंचाळलेच.

"घाबरू नका बाई. दार सापडंना, म्हणून इकडून आलो."

"दार समोर आहे की!"

"ते? ते दार नाय. ते भोक हाय."

शाळा जुनी, लाल पक्क्या विटांची, कमानदार दारं-खिडक्यांची. दक्षिणेच्या भिंतीतल्या एका कमानीत मात्र सिमेंटच्या राखाडी विटा भरलेल्या, लाल लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ लावावं तशा. मागच्या दुरुस्तीत सरपंचांनी तिथलं दार बुजवून उत्तरेला नवं पाडलं होतं. कारण काय, तर म्हणे दक्षिणेकडून यम येतो!

"यम काय पाढे म्हणायला येतो का शाळेत?" नाना विचारायचे.

रोज दुपारी पोरांची खिचडी खाऊन झाली की नाना त्या बुजवलेल्या कमानीपुढं हजर. चपला काढायचे, काठीनं विटांवर ठोठावायचे, थोडं थांबायचे. मग खिडकीतून आत. "आज तरी दार उघडताय का बाई?" मी नाही म्हटलं की आल्या वाटेनं परत.

एकदा वैतागून मी ती भिंत रंगवून घेतली आणि वर मोठ्ठी बाराखडी काढवली. दुसऱ्या दिवशी बघते तर बाराखडीवर कोळशानं काढलेलं दार. कडीकोयंड्यासकट! मी पुसून घेतलं, त्यांनी पुन्हा काढलं. मी चिडले की म्हणायचे, "माझं काय चुकलं, तेवढं सांगा." आणि सांगायला लागावं, तर ऐकायला थांबतील तर शपथ.

यंदा पुन्हा दुरुस्ती निघाली. खिडक्यांना लोखंडी ग्रिल बसणार म्हटल्यावर मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बघते नाना कसे येतात ते!

वेल्डर आला त्या दिवशी नाना खिडकीत बैठक मारून बसले. पाय आत, पाठ बाहेर.

"बसव ग्रिल," ते वेल्डरला म्हणाले. "माझ्यासकट बसव."

सरपंच आले. आधी गोडीत घेतलं, मग आवाज चढवला. "नाना, त्या दारापायी काकू गेल्या, तरी तुमचा हट्ट जाईना!"

नाना खिडकीतून खाली उतरले. उतरताना भिंतीला धरलं त्यांनी. असं कधी धरत नसत.

"दारानं नाय नेली तिला," ते मला म्हणाले. सरपंचांकडं पाहिलंसुद्धा नाही. "ताप अंगावर काढला तिनं. पोरं उपाशी राहतील म्हणून चुलीपुढनं हलली नाय. आन् हे म्हणतात, दक्षिणेच्या दारात बसून रांधायची, म्हणून मेली. तिच्या मातीला आले, अन् तिथून येऊन दार बुजवलं."

तेव्हा कुठं मला कळलं. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या काकू म्हणजे नानांची बायको. मी यायच्या आधीच वारलेल्या. त्या दाराशीच त्यांची चूल असायची. नाना दुपारी मळ्यातून येऊन दारात उभे राहायचे, काकू भांडीकुंडी आवरायच्या आणि मग दोघं मिळून घरी जायची.

मला असा संताप आला म्हणून सांगू! त्या बाईनं आख्ख्या गावाची पोरं जेवू घातली, आणि गावानं तिच्या मरणाचा ठपका तिच्याच दारावर ठेवला.

"सरपंच, दार आजच उघडणार."

"अहो बाई, प्लॅनमध्ये नाही ते! आणि उद्या यम..."

"आला तर माझ्याकडं पाठवा. हजेरीपटात नाव घालते त्याचं!"

गवंड्यानं घण नानांच्या हातात दिला. पहिला घाव नानांनीच घातला, तोही नीट बसला नाही. खिचडीची सुट्टी संपेपर्यंत कमान मोकळी झाली. जुना उंबरा जागच्या जागी होता, मधोमध झिजलेला. पोरं ओरडत आतबाहेर पळायला लागली. सरपंच मोटारसायकलला किक मारून निघून गेले. गेले तर गेले!

"या नाना," मी म्हटलं, "आता तरी दारातून या."

नानांनी चपला काढल्या. उंबऱ्यापर्यंत आले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून तिथंच उभे राहिले.

"अहो, आत या की!"

"नको बाई," ते हळूच म्हणाले. "मी इथंच थांबत असतो. तिचं आवरू द्या."