मागचं आठवलं की बटण

पुरुषाचा मेंदू म्हणजे अस्सल घड्याळ, सेकंद इकडचा तिकडं नाही; बायकांचा म्हणजे चाळणी! घड्याळवाल्यांचं हे मत सगळ्या गल्लीला पाठ होतं. एकदा जेवताना त्यांनी ते बायकोलाही ऐकवलं, आणि ती उठली ती थेट बहिणीकडे राहायला गेली. मागे घर इतकं सुनं झालं, की दुकानातली सगळी घड्याळं आणून भिंतींवर टांगली तरी टिकटिक पुरेना.

तेवढ्यात इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई जोडपी शोधत असल्याचं कळलं. गोष्टी क्षणभर ध्यानात ठेवताना पुरुषांच्या आणि बायकांच्या मेंदूत कुठकुठले दिवे लागतात, ते त्यांना बघायचं होतं. जोडपी! घड्याळवाल्यांनी मेव्हणीकडे फोन लावला. बेत ठरला: बायकोला परीक्षेत हरवायचं आणि मग मोठ्या मनानं माफ करून घरी आणायचं.

बायको आली. "वाळलात," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाई सगळं नीट समजावत होत्या, तेव्हा हे महाशय बायको पूर्वीसारखीच पदराशी चाळा करते का, ते बघत होते.

आधी तिची परीक्षा झाली. मग यांनी चष्मा, किल्ली, सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं आणि यंत्राच्या बोगद्यात शिरले. कानात आवाज आला, "एकेक मोठं अक्षर दिसेल. मागचं आठवलं की बटण दाबा."

'च' आला. चष्मा! रोज सकाळी तीच शोधून द्यायची. दाबलं. 'ग' आला. गुणगुणणं, स्वयंपाकघरातलं. दाबलं. 'भ' आला. भांडण. जरा जोरातच दाबलं. पुढे अक्षरांची गरजच उरली नाही. अंगठा गजरासारखा वाजत सुटला.

"काका, तुम्ही दर अक्षराला बटण दाबलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि मेंदू तर लग्नघरासारखा उजळलाय."

"तुम्हीच म्हणालात, मागचं आठवलं की दाबा."

"अहो, मागचं म्हणजे मागचं अक्षर! तेच परत आलं तरच दाबायचं!"

बायकोनं हळूच विचारलं, "आणि माझं?"

"सगळं बरोबर. फक्त एकदा उगाच दाबलंय."

"हात घसरला," ती म्हणाली आणि पर्सचा बंद चाचपत बसली.

घड्याळवाल्यांचं माफ करायचं भाषण राहूनच गेलं. बिनचष्म्याचे ते दाराऐवजी कपाटाकडे निघालेले पाहून ती म्हणाली, "चला, पोचवून येते."

घरापाशी त्यांनी खिसे चाचपले. किल्ली ट्रेमध्येच! तिनं पर्समधून आपली किल्ली काढली, दार उघडलं, आत गेली आणि एकेक करून सगळी घड्याळं बंद केली.

"केवढी ती टिकटिक," म्हणाली. "माणसानं राहायचं कसं इथं?"