दोन बोटांचा सौदा

पुनमला वाटलं होतं, धुळ्याची लेक थेट स्कॉटलंडहून फिजिओथेरपी शिकून परत आली म्हटल्यावर खान्देशातले पेशंट कान टवकारून तिचं ऐकतील. प्रत्यक्षात जळगावच्या त्या दवाखान्यात येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "मोठे डॉक्टर कधी येतील?" आणि मग, "तुमचं लग्न झालं का?"

पहिलेच पेशंट रुपचंद आबा. धरणगावकडचे. सगळा जन्म गुरांच्या बाजारात दलाली करण्यात गेलेला. तंबाखूने दिलेला गालाचा कॅन्सर ऑपरेशनने आणि किरणांच्या शेकाने गेला, पण जाताना जबडा असा आवळून गेला की दातांमधून जेमतेम एक बोट जाईल. कळण्याच्या भाकरीसाठी जीव तुटायचा आणि त्यांची बायको ताईबाई चमच्याने पातळ वरण ओतायची.

"आबा, या लाकडी काड्यांची जुडी दातांत धरायची. हळूहळू काड्या वाढवायच्या. तोंड तीन बोटं उघडलं पाहिजे."

आबा दातांतल्या दातांत म्हणाले, "तीन भलता जास्त व्हतस, ताई. दीड."

"दीड नाही. तीनच."

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून तिच्या हातावर टाकला आणि खालून तिची बोटं दाबली. पुनमचे डोळे भरून आले. (पेशंटचा विश्वास कसा मिळवावा, यावर तिने तिकडे अख्खा प्रबंध लिहिला होता. इथे तो आपण होऊन हातात आला होता.) तिनेही गहिवरून आबांची दोन बोटं घट्ट दाबली.

"बस! ना तुनं, ना मनं!" आबा खूश झाले. पुनमला ते अध्यात्म वाटलं.

मग आबा असे काही व्यायामाला लागले, की विचारू नका. तोंडात काड्यांची जुडी धरून ओट्यावर बसायचे, जाणारा-येणारा विचारायचा, "आबा, काय खाई ऱ्हायनात?" महिनाभरात दोन बोटं आत जायला लागली. पुनमने दवाखान्यात पेढे वाटले.

आबांनी त्याच दिवशी काड्या चुलीत घातल्या.

हे कळताच पुनम धावत त्यांच्या घरी गेली. "आबा! अजून एक बोट राहिलंय!"

"सौदा दोनवर व्हयना."

"कसला सौदा?"

"रुमालखाले दोन बोटंना इशारा तुनाच व्हता ना?"

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात, हे पुनमच्या ध्यानात आलं. जरा उशिराच.

"अहो, व्यायाम थांबवला तर जबडा पुन्हा आवळेल! भाकरी राहू द्या, डॉक्टरांना तोंडात बघतासुद्धा येणार नाही."

"मी शबद मोडत नही. बठ्ठा बाजार माले वळखस."

ताईबाईने कपाळावर हात मारला. "पोरी, तू त्या रुमालखाले हात घालाच कसाले? मी तं लगीनपासून त्याले लांब ऱ्हास!"

पुनमने जबड्याच्या स्नायूंची रंगीत चित्रं दाखवली, परदेशातलं संशोधन सांगितलं. दुसऱ्याच्या बैलाची तारीफ ऐकावी, तसं आबांनी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं: आबांचा सौदा मोडायचा नाही, नवा करायचा. ती पुन्हा आबांच्या घरी गेली आणि आपली ओढणी त्यांच्या हातावर टाकून म्हणाली, "जुना सौदा पुरा झाला, आबा. आता नवा. पाच बोटं!" (माणसाच्या तोंडात पाच बोटं मावत नाहीत, हे पहिल्याच वर्षी शिकवतात.)

आबांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. "पाच? आधी तुनं तोंड दाखाड."

पुनमने होईल तेवढा आ केला. आबांनी मान तिरकी करून, कालवडीचं वय बघावं तसे तिचे दात निरखले. मग ताईबाईकडे वळून, पुनमला स्पष्ट ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजले,

"दूधना दात शेतस अजून. तीनवर सहज येई."