राजकुमारने तांडा हलवला

"संध्याकाळलोक सारं नवं होऊन जाईन, अन् कोणाले समजनार भी नाही!" रविवारी सकाळी चहाचा कप उंचावून राजकुमार राठोडने घरात जाहीर केलं.

"नळाचं वायसर बदललं तवाही तुम्ही असंच म्हटलं व्हतं," त्याची बायको बबिता पोळी लाटता लाटता म्हणाली. "मंग साऱ्या गल्लीले समजलं!"

राजकुमारने कप खाली ठेवला आणि चपला चढवल्या. मोठ्या कामावर निघालेल्या माणसाने वायसरबद्दल बोलू नये!

काम खरंच मोठं होतं. पांढरकवड्यात हायवेला लागून हरिसिंग ट्रान्सपोर्टचं आवार. मारेगावला एक ऑफिस, तिकडे लांब ढाणकीला दुसरं. कापसाच्या गाठी आणि सोयाबीनची पोती वाहणाऱ्या त्यांच्या गाड्या. ही तिन्ही ऑफिसं बांधून ठेवली होती एका सॉफ्टवेअरने. त्याची करामत अशी, की तीन गावांतल्या मशिनींना वाटायचं आपण एकाच खोलीत, एकाच वायरीला बसलोय! राजकुमारच्या डोक्यावर भरपूर केस होते तेव्हा त्याने हौसेने ते बसवून घेतलं होतं. पहिल्या दिवशी ढाणकीची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, पांढरकवड्याच्या प्रिंटरमधून बाहेर आली तेव्हा सगळं ऑफिस टाळ्या वाजवत उभं राहिलं होतं, आणि याडीने, म्हणजे त्याच्या आईने, सुखीबाईने, प्रिंटरला कुंकू लावलं होतं. तो डाग अजून आहे. पण आता बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले होते. जुनं बंद, नवं घ्या, नाहीतर तुमचं तुम्ही बघा!

राजकुमारची नजर मात्र सॉफ्टवेअरवर नव्हती. ती होती खुर्चीवर.

त्याचे वडील हरिसिंग ऐंशीला टेकले होते, तरी कंपनी चालवायचे ते त्या सागवानी खुर्चीतूनच. रोज सकाळी ते तिच्यात बसत, खुर्ची 'कर्र' करे, आणि मग तिन्ही ऑफिसांच्या स्पीकरवर एकदम आवाज जाई, "राम राम रे मंडळी!" तो 'कर्र' ऐकूनच ढाणकी-मारेगावची माणसं ताठ बसायची. पंचेचाळिशी ओलांडलेला राजकुमार समोरच्या स्टुलावर. हरिसिंगांनी शब्द दिला होता, "हे काम नीट करून दाखव, मंग खुर्ची तुयी."

ऑफिसात आल्यावर हरिसिंगांनी विचारलं, "पन तू करून काय राह्यला?"

राजकुमारने सर्व्हर म्हणून पाहिलं, नेटवर्क म्हणून पाहिलं, हवेतल्या वायरी हातवारे करून दाखवल्या. म्हातारा त्याच्याकडे, हा आजारी तर नाही ना, अशा नजरेने बघत राहिला. आणि मग राजकुमारला सुचलं!

"बा, तांडा हलवून राह्यलो! जुना मुक्काम सोडून सारे नव्या मुक्कामाले चालले."

हरिसिंगांचा चेहरा एकदम उजळला. त्यांच्या आजाच्या आजाने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. त्या वाहतुकीला लदेणी म्हणत. हरिसिंगांनी लदेणी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. आजाच्या मांडीवर बसून, थंडीत, शेकोटीपुढे. तांड्याच्या म्होरक्याची, नायकाची हाक, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, पहाटे उठलेला अख्खा तांडा. न पाहिलेल्या गोष्टीची इतकी आठवण येते, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटायचं.

"तांडा?" ते हळूच म्हणाले.

"तांडाच!" राजकुमार म्हणाला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन आतल्या खोलीत गेला.

आत यवतमाळहून आलेली इंजिनिअर अर्पिता लॅपटॉप उघडून बसली होती. बेत सोपा होता. जुनं चालू ठेवायचं, नवं शेजारी उभं करायचं, आणि एकेक ऑफिस अलगद इकडून तिकडे न्यायचं. आधी ढाणकी, मग मारेगाव, शेवटी पांढरकवडा. राजकुमारने फोनचा आवाज बंद केला, दार लावलं, आणि दोघं तयारीला लागली.

बऱ्याच वेळाने अर्पिता म्हणाली, "सर, ढाणकी दिसत नाही."

"नेट गेलं असंन."

"सर, मारेगाव पण गेलं."

राजकुमारने फोन उचलला. मारेगावचं ऑफिस वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बाबुलालला लावला. "बाबुलाल, नेट बंद हाये का?"

"नाही राजूभाऊ, नेट चालू हाये. आमीच निघालो!"

"निघालो म्हनजे?"

"नायकानं सकाळीच स्पीकरवर सांगतलं नं! तांडा हलला, सामान बांधा, कोनी मांगं राह्यचं नाही! कॉम्प्युटर घेतले, पंखा घेतला, माठ घेतला. पाटी काढाले टाइम लागला, नाहीतं पोचलो असतो!"

ढाणकीच्या उज्ज्वलाला फोन लावला, तर मागून ट्रकचं इंजिन. "भाऊ, उमरखेड सोडलं!" ती आनंदाने ओरडली. "मशीन मांडीवरच घेतली, धक्का नको लागाले!"

राजकुमार धावत बाहेर आला. आवारात गाड्या शिरत होत्या. हैदराबादकडे निघालेले ड्रायव्हर नायकाचा निरोप मिळताच अर्ध्या वाटेतून वळले होते! एका जिनिंगवाल्याचा फोन आला, "गाडी काहून नाही आली?" आणि हरिसिंग ठणठणीत आवाजात सांगत होते, "तांडा हलून राह्यला, साहेब! उद्या पाठवतो!"

"बा!" राजकुमार किंचाळला. "सारे काहून बोलावले?"

"तांडा अर्धा हलते का कुठी?" हरिसिंगांनी शांतपणे विचारलं, आणि हातातला पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या खोलीकडे चालू लागले.

"पानी कायले?"

"आजा सांगे, मुक्काम सोडताना जुनी चूल आपल्या हातानं विझवा लागते. जळती चूल मांगं सोडू नाही."

राजकुमारने अशी उडी मारली, की शाळेतल्या कबड्डीतही मारली नसेल! जुन्या सर्व्हरपुढे हात पसरून तो उभा राहिला. "बा, अजून नाही! सारं याच्यातच हाये!"

तांब्या थांबला. दुपारपर्यंत मारेगाव आलं, उन्हं कलल्यावर ढाणकी आली. ऑफिसात टेबलं, माठ, पंखे, पाट्या आणि माणसं यांची अशी खिचडी झाली, की अर्पिताला खुर्ची मिळेना. राजकुमारने डोक्याला हात लावला. खुर्ची गेली! आता जन्मभर स्टूल!

रागाने त्याचे कान तापले. तो बापाला चार शब्द सुनावायला वळला, आणि थबकला.

आवारात गाड्या गोल लागल्या होत्या. मधे तीन दगडांवर याडीने मोठं पातेलं चढवलं होतं. ड्रायव्हर भाकरी थापायला बसले होते, त्या त्रिकोणी होत होत्या. फोनवर रोज भांडणारे बाबुलाल आणि उज्ज्वला पहिल्यांदाच एकमेकांना बघत होते. "तुम्ही एवढे बुटके असान असं वाटलं नव्हतं," ती म्हणत होती. आणि मधोमध हरिसिंग. त्यांचे डोळे भरले होते. कोणी बघू नये म्हणून ते धुराला शिव्या देत होते.

राजकुमारला लहानपणीचा बाप आठवला, एकुलत्या एका ट्रकच्या बॉनेटवर त्याला बसवून लदेणीच्या गोष्टी सांगणारा. तोंडातले चार शब्द त्याने गिळले आणि मोठ्याने म्हणाला, "नायकानं बरोबर केलं! सारे जेवून घ्या!"

तेवढ्यात दारातून अर्पिता ओरडली, "सर! हे सॉफ्टवेअर करतं काय? लांबच्या मशिनी एका खोलीत आहेत असं भासवतं. आता त्या खरंच एका खोलीत आहेत! जोडा सगळ्या एका वायरीला! इथेच नवं टाकते, घरी जाऊन नुसत्या चालू करायच्या!"

एकेक ऑफिस जपून हलवत ज्याला अख्खा दिवस लागला असता, ते काम याडीची भाजी शिजेपर्यंत आटोपलं! सगळं तपासून झाल्यावर जुन्या सर्व्हरचं बटण हरिसिंगांनी स्वतः दाबलं. आतला पंखा हळूहळू थांबला. खोली एकदम गप्प झाली. मग त्यांनी तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतलं, आणि राजकुमारनेही त्या जुन्या डब्याला हात जोडले.

सामान पुन्हा गाड्यांत चढू लागलं, तेव्हा हरिसिंगांनी मुलाला बाजूला घेतलं.

"तू तांडा म्हटलं नं राजू, मंग मले दुसरं काही ऐकूच आलं नाही. तुले राग आला व्हता, मी पाह्यला. पन चारचौघांत तू मले खाली पाहू देल्लं नाही. उद्यापासून खुर्ची तुयी."

रात्रभर राजकुमारला झोप लागली नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कुंकू लावून तो ऑफिसात शिरला. टेबल होतं, फोन होता, स्टूल होतं. खुर्ची नव्हती! आवारात नाही, गोदामात नाही. हरिसिंग दारात उभे राहून मिशीत हसत होते.

"कालच्या गडबडीत गेली कुठीतरी," ते म्हणाले. "तू राम राम तं घाल! लोकं वाट पाहून राह्यले."

राजकुमारने स्टूल ओढलं, त्यावर बसला, घसा साफ केला आणि तिन्ही ऑफिसांचा स्पीकर उघडला. नव्या सॉफ्टवेअरवरून त्याचा आवाज अगदी स्वच्छ गेला.

"राम राम रे मंडळी!"

"राम राम, राजूभाऊ!" ढाणकीहून उज्ज्वला म्हणाली.

मग मारेगावहून, तितकंच स्वच्छ, कोणीतरी ऐसपैस मागे रेलल्याचा आवाज आला.

'कर्र.'