दगडाबाईचा बाक

"नगरपालिकेला दहा वर्षांत जमलं नाही, ते मी दहावीच्या परीक्षेआधी करून दाखवते," असं त्रिशलाने भर वर्गात सांगून टाकलं.

'ते' म्हणजे रहिमतपूरच्या एसटी थांब्याची सुधारणा. मैत्रिणींना घेऊन ती आठ दिवस थांब्यावर ठाण मांडून बसली. कोण कुठं उभं राहतं, किती वेळ, कशाला टेकतं, सगळं वहीत लिहिलं. माणसं एवढी बिचकली की पानाची पिंक टाकायलाही तिची परवानगी मागू लागली.

वहीत पहिला नंबर दगडाबाईचा. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत लिंबाखालच्या धोंड्यावर.

"आजी, कुठं जायचंय?"

"जायचं न्हाई, पोरी. अर्जुना यायचाय माझा. मिल्ट्रीत हाय. तीन वर्सं झाली, रजाच गावंना म्हंतोय."

बाक हवा, आणि तिथंच हवा, असं ठरलं. कुणी वाळू दिली, कुणी सिमेंट. गवंड्याने मजुरी सोडली. बाकावर नाव कुणाचं, यावर भांडण पेटायच्या आत त्रिशला म्हणाली, "जी सगळ्यांत जास्त बसते, तिचं." आकाराम पेंटरला चिठ्ठी देऊन ती चाचणी परीक्षेला गेली.

आकारामने जन्मभर बाकांवर मेलेल्यांचीच नावं रंगवलेली. हात सवयीने चालला : 'कै. दगडाबाई यांच्या स्मरणार्थ.' दगडाबाईला वाचता येत नव्हतं. "लय झ्याक काढलंस," म्हणाली.

संध्याकाळी त्रिशला कडाडली, "आकारामकाका, त्या समोर बसल्यात की!"

"जित्या माणसाचा बाक आसतोय व्हय कुठं?" म्हणत त्याने नाव ठेवून बाकीचं खरवडलं.

पण दुपारीच, रजा संपवून निघालेल्या नानासोने गाडीच्या खिडकीतून ते वाचलं होतं. नानासो अर्जुनाच्याच पलटणीतला.

पंधरा दिवसांनी डोक्याचा चकोट केलेला एक जवान गाडीतून उतरला, ट्रंक टाकून धावला आणि बाकाला मिठी मारून ढसाढसा रडू लागला. पलीकडच्या टोकाला बसलेली दगडाबाई जरा सरकली, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कोन गेलं रं लेकरा?"

त्याने मान वर केली. त्या दिवशी तीन गाड्या रिकाम्या गेल्या. चढायचं कुणाला सुचलंच नाही.

अर्जुना परत निघाला तेव्हा त्रिशला मुद्दाम थांब्यावर आली. आपल्या बाकाच्या घोटाळ्यामुळं का होईना लेक घरी आला, म्हणून ती टम्म फुगली होती.

"सायबाला आता खरं सांगशील न्हवं?" दगडाबाईने विचारलं.

"कसं सांगू, आये? आई मेली म्हणून रजा दिली त्यांनी. त्यांच्या कागदावर तू गेलीयास."

"आन् मी खरीच गेल्यावर?"

अर्जुना ट्रंकेचा कडीकोयंडा चाचपत राहिला. कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळणाआड गेल्यावर दगडाबाई म्हणाली, "मग शेवटचं पानी पाजाय तूच ये, पोरी. तू हितं जवळच ऱ्हातीस."

एरवी त्रिशलाचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं. आज ती नुसतीच "येईन" म्हणाली, तेही दगडाबाईला दोनदा विचारावं लागलं इतक्या हळू.