तुळशीराम मापाऱ्याची पायी सायकल

तुळशीराम मापाऱ्याला मी सायकलच्या डाव्या बाजूला पाहिलं आहे, उजव्या बाजूला पाहिलं आहे, तिच्या पोटाखाली उताणं पडून चेन पुसताना पाहिलं आहे. फक्त तिच्यावर बसलेलं कधी पाहिलं नाही. सायकल मात्र कायम त्याच्याबरोबर. सकाळी कापसाच्या बाजारात जाताना तो तिचं हँडल धरून चालत जाई आणि संध्याकाळी तसाच चालत परत येई. रोज हवा भरी, रॉकेलच्या चिंधीनं रिमा पुसून लख्ख करी आणि पुन्हा चालायला लागे.

तुम्ही म्हणाल, असते एखाद्याची सवय, तुमचं काय बिघडलं? माझं बिघडायचं ते रविवारी.

मेहकरला आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी अर्जनवीस. तहसील कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून लोकांची गाऱ्हाणी लिहून द्यायची, हा माझा धंदा. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि कचेरीच्या पाटीवर आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र असा एकावर एक तीन राज्यांचा रंग चढलेला होता, पण गाऱ्हाणी जुनीच होती. सहा दिवस मांडी घालून दुसऱ्यांची भांडणं लिहिल्यावर माणसाला रविवारी काय हवं असतं? झोप. तेवढी एक गोष्ट सोडून तुळशीराम मला बाकी सगळं द्यायला तयार होता.

रविवारी उजाडलं की माझ्या खिडकीखाली घंटी वाजायला लागे. सायकलचा तेवढाच भाग तो वापरत असल्यामुळे त्याचा सगळा जोर घंटीवर असे.

"उठा मुन्शीजी, घरात काय ठेवलं हाय? पोट्टे तयार होऊन बसले."

पोट्टे म्हणजे त्याचे प्रल्हाद आणि माणिक, शेंडेफळ बेबी आणि आमचा विलास. विलास तर शनिवारी रात्रीच चड्डी-सदरा घालून झोपायचा. मी पांघरूण डोक्यावर ओढलं की आमची ही म्हणायची, "जा ना, तेवढंच उन्ह लागन आंगाले." स्वतः मात्र ती आणि गोदावहिनी, म्हणजे तुळशीरामची बायको, ओट्यावर बसून निवांत चहा पीत. त्या दोघींना रविवार मिळावा म्हणून माझा जायचा.

मग सायकल भरायचा कार्यक्रम. तुळशीराम पडला मापारी, त्याचा जन्म कापूस तोलत काट्यासमोर गेलेला. दांडीवर गोधडीची घडी बांधून बेबी, सीटवर माणिक, कॅरियरवर विलास. हँडलच्या एका बाजूला वांग्यांची आणि कणकेची पिशवी, दुसऱ्या बाजूला पाण्याची छागल. सगळं झालं की तो दोन पावलं मागं सरकून डोळे बारीक करून पाही. "विलासभाऊ, जरा इकडं सरका. काटा मारून राह्यला." विलास बोटभर सरके. पुन्हा पाहणं. प्रल्हाद मोठा म्हणून त्याला चालावं लागे, पण वाटेत त्याचीही पाळी येई, आणि पाळी आली की सगळं वजन उतरवून पुन्हा नव्यानं भरायचं. मला काम ठरलेलं होतं.

"मुन्शीजी, तुमी फक्त मागून हात लावा."

फक्त! पैनगंगेपर्यंतचा रस्ता काय तो, सायकलवर टांग टाकली तर विडी संपायच्या आत माणूस पोचेल. आम्ही सकाळी निघालेले दुपारी पोचायचो. रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली की सायकल थांबे. कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर बोरीला बोरं दिसली की थांबे. सरडा दिसला तर विचारूच नका. तो मान हलवायचा थांबेपर्यंत चारही पोरं आणि एक घोडा झालेला मापारी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून राहत, आणि पिशवी-छागलीसकट सायकल मी एकटा पेलून धरत असे.

"तुळशीरामभाऊ, चला आता," मी ओरडे.

"घाई काऊन? नदी काही पळून नाही राह्यली."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. नदीपुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण वरण उतू चाललं तरी "वरण काही पळून नाही राह्यलं," आणि पाहुणे ताटकळले तरी "पाहुणे काही पळून नाही राह्यले." एकदा मला जळगाव जामोदला मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. माझी ट्रंक सायकलवर घालून पोचवायचा त्यानं हट्ट धरला. मोटारस्टँडच्या अलीकडे एका पोराच्या पायात काटा मोडला होता, तो काढत बसला. मी घायकुतीला येऊन हाका मारतोय, आणि हा मान वर न करता म्हणतो, "बस काही पळून नाही राह्यली, मुन्शीजी." बस त्या वेळी आमच्या डोळ्यांदेखत धुरळा उडवत पळून राह्यली होती. त्या साखरपुड्याला मी गेलो नाही, हे माझी सासुरवाडी अजून विसरलेली नाही.

एकदा चौकात हवालदारानं अडवलं. त्या काळी डबलसीटला दंड होता, आणि इथं तर एका सायकलवर चार पोरं, कारण प्रल्हादही मधल्या जागेत घुसला होता. हवालदार खूश झाला. तुळशीराम शांतपणे म्हणाला, "डबलसीट चालवाची मनाई हाय ना, साहेब? मी कुठी चालवून राह्यलो? मी तं ढकलून राह्यलो. ईचारा आमच्या मुन्शीजीले, ते कायद्यातले हायेत." मला काय माहीत कायदा? मी भाऊबंदकीचे अर्ज लिहिणारा माणूस. पण हवालदार माझ्या तोंडाकडे पाहायला लागला म्हणून मी घसा खाकरून म्हटलं, "तसं पाहिलं तर बरोबर आहे." त्यानं बराच वेळ विचार केला आणि सोडून दिलं. पुढच्या रविवारी त्याचा मुलगा आमच्या दारात उभा. त्यालाही घ्यावं लागलं.

नदीवर पोचलं की रोडगे. गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे गोळे निखाऱ्यात पुरायचे आणि वांग्याच्या भाजीची वाट पाहत धूर खायचा. ह्याचे रोडगे वरून कोळसा आणि आतून कणीक. पोरं ते मिटक्या मारत खात. तुळशीराम स्वतः अर्धा रोडगा खाऊन पाण्यात पाय सोडून बसे. पोरांनी शंख आणले, दगड आणले, मेलेला खेकडा आणला, की तो प्रत्येक वस्तू तळहातावर घेऊन तोले आणि "लय भारी हाय" म्हणे. त्या वेळचा त्याचा चेहरा पाहून मला आणखीच चीड येई. माझ्या पायात गोखरू रुतलेले, डोळ्यांत धूर, पाठीला रग, आणि हा माणूस स्वर्गात बसलेला.

अशी किती वर्षं गेली. एका सोमवारी माझी कंबर धरली. चढावर मागून हात लावल्याचा तो प्रसाद होता. मी ओट्यावर शेक घेत पडलो होतो आणि गोदावहिनी हळदीचं दूध घेऊन आल्या. माझा तोल गेला. मी म्हटलं, "वहिनी, घरात धडधाकट सायकल असून हा माणूस तिच्यावर बसत काऊन नाही? पोरं घेऊन भुर्रकन जा म्हणा, आमाले सोडा म्हणा."

वहिनींनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, त्याईले येतच नाही."

मी शेकायची पिशवी खाली ठेवली.

"लग्नात ह्याईच्या मामानं सायकल मांगितली. पोरगा तालुक्याले राह्यते म्हणे, सायकल पायजेच. माह्या बाबानं बैल इकून देल्ली. मांडवात सारे म्हणे नवरदेवा, बसून दाखव. ते म्हणे, पूजा झाल्याबिगर बसत नसतात. माह्या माहेराहून, दुसरबीडहून, बसच्या टपावर टाकून आणली आन् अठी स्टँडवर उतरल्यावर मले कॅरियरवर बसवलं, हे पायी. सारा बाजार म्हणे, काय बायकोचा लाड करून राह्यला. मले तवाच समजलं. बाबाचा बैल गेला आन् ह्याईले येत नाही, हे कोणाले सांगाव?"

"मग शिकायचं नंतर. त्यात काय मोठं?"

"लाज वाटे आंधी. मंग पोट्टे झाले." वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. "कापसाच्या दिवसात हे जातात तवा पोट्टे झोपले राह्यतात, येतात तवाबी झोपले. एक आयतवार हाती लागते. पायी गेलं का तोबी दिवसभर पुरते. आता प्रल्हाद सायकल शिकतो म्हणते, तं ह्याईचा जीव नुसता वरखाली होऊन राह्यला. पोट्टे शिकले का ह्याईच्या संग पायी कोण जाईन?"

मी दूध प्यालो. कंबर दुखतच होती, त्यामुळे मला तुळशीरामची फारशी कीव आली असं म्हणता येणार नाही. पोरं मोठी व्हायचीच. उलट, प्रल्हाद शिकला तर माझी सुटका, हा हिशेब माझ्या मनात आलाच.

प्रल्हाद शिकला. दुकानातून तासावर सायकली घेऊन तो आणि आमचा विलास दांडीखालून पाय घालून कैची मारत मारत गुडघे फोडून घेत होते, आणि दिवाळीनंतर दोघंही सीटवर बसायला लागले. एका रविवारी घंटी वाजली ती वेगळीच वाजली. खिडकीतून पाहिलं तर दोन भाड्याच्या सायकली. प्रल्हादच्या मागं माणिक बसलेला. तुळशीराम आपली सायकल घेऊन उभा होता, दांडीला गोधडी बांधलेली, हँडलला पिशवी.

"बाबा, तुमी या मांगून," प्रल्हाद म्हणाला. "आम्ही नदीवर थांबतो."

"बेबी, चाल, बस," तुळशीराम म्हणाला.

बेबीनं दांडीकडे पाहिलं, मग विलासच्या सायकलकडे पाहिलं. "मी विलासदादासंग जाते बाबा. ते पळवते." आणि ती विलासच्या कॅरियरवर चढूनसुद्धा बसली. पोरांनी टांगा टाकल्या आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मी आनंदानं परत अंथरुणावर पडलो. इतक्या वर्षांनी रविवार माझा झाला होता. कूस बदलली. पुन्हा बदलली. खाली काहीच हालचाल ऐकू येईना म्हणून उठून पाहिलं, तर तुळशीराम निघाला होता. एक हात हँडलवर, एक हात सीटवर, मान तशीच डावीकडे कललेली, सायकलवर कुणीतरी बसलंय आणि त्याच्याशी बोलायचंय अशी. सायकल रिकामी होती.

मला संताप आला. पोरांचा आला, त्याचा आला, स्वतःच्या झोपेचाही आला. मी सदरा अडकवला, चपला घातल्या आणि त्याला चावडीपाशी गाठलं.

"तुळशीरामभाऊ, पायीच जायचं तर हे धूड कायले घेतलं संग? घरी ठेवा आणि मोकळे चाला."

त्यानं हँडल सोडलं नाही. थोडं चालून गेल्यावर मी म्हटलं, "हे पाहा, कापसाच्या जिनामागच्या मैदानात कोणी येत नाही सकाळी. मी मागून धरतो. पंधरा दिवसांत शिकून जाल."

म्हणजे मला ठाऊक आहे, हे त्याला कळलं. पण तो रागावला नाही.

"आता शिकून काय करू, मुन्शीजी? त्याईच्या मांगं पळू? मांगून नुसत्या पाठी दिसतात." त्यानं दांडीवरची गोधडी सारखी केली. "बेबी अठी बसली का तिचं डोक्स माह्या हनुवटीखाली येये. तेलाचा वास येये. काय काय सांगे ते. पळवल्यावर कोण सांगते?"

बाजाराच्या तोंडाशी चढ लागतो. तिथं तो थांबला, हँडल घट्ट धरलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बसा."

"कुठं?"

"कॅरियरवर. रिकामी सायकल ढकलाले लय जड जाते."

मी एक प्रतिष्ठित अर्जनवीस. त्या बाजारातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज मी लिहिलेले. किराणेवाला दुकान उघडत होता, पानठेल्यावर चार जण उभे होते, आणि कचेरीतला नाझर समोरून भाजी घेऊन येत होता. मी म्हटलं, "भाऊ, लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "बसा ना."

बसलो. सायकल कचकन दबली. त्यानं सवयीनं मागं सरकून पाहिलं आणि मला बोटभर उजवीकडे सरकायला सांगितलं. मी सरकलो. नाझर जागच्या जागी थांबून पाहत होता. तुळशीरामला भार कमी व्हावा म्हणून मी दोन्ही पाय जमिनीला टेकवून हळूहळू रेटत होतो. चढाच्या मध्यावर तुळशीराम धापा टाकायला लागला.

"उतरतो मी," मी म्हटलं.

"बसा हो," तो म्हणाला. "आन् पाय टेकू नका."

मी पाय वर उचलून घेतले.