चितारीची म्हैस

पडद्यावर म्हैस उमटली आणि धम्मानंदचा चहाचा कप हातातच राहिला. म्हशीच्या गळ्यात भलामोठा हार, डोळ्यांवर काळा गॉगल आणि खाली ओळीनं माणसांचे गोल चेहरे. सगळ्यांनी हात जोडलेले.

"वाढदिवस हाय का हिचा?" त्याच्या बायकोनं, ज्योत्स्नानं, मागून विचारलं.

धम्मानंदला हसू येईना. नांदेडच्या दोन खोल्यांत बसून दोघांनी वर्षभर खपून 'चितारी' उभी केली होती. आपल्या बोलीत सांगायचं, आणि संगणकानं चित्र काढून द्यायचं. सगळं ओपन सोर्स, म्हणजे विहीर गावाची, दोर ज्याच्या त्याच्या हाती. कुणाचंही चित्र न विचारता उचलायचं नाही, ज्यानं आपण होऊन दिलं तेवढ्यावरच चितारीनं शिकायचं, हा धम्मानंदचा हट्ट. हट्ट चांगलाच होता, पण देणारा एकच निघाला. चाकूरच्या शिवमूर्तीअप्पांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं आणि त्यांनी पेनड्राइव्ह भरभरून दिला. धर्माची गाय, तिचे दात काय बघायचे, म्हणून धम्मानंदनं तो न उघडताच यंत्राला लावला होता.

आता रविवारी चाकूरला चित्रकारांची बैठक होती. पाट्या रंगवणारे, मूर्ती घडवणारे, रांगोळीवाल्या, सगळे चितारी पाहून ठरवणार होते, आपली चित्रं द्यायची की नाही. त्यांनी नाही म्हटलं की चितारी संपली. मग धम्मानंदनं गुमान कुठंतरी नोकरी धरायची, एवढंच उरत होतं.

त्यानं फोन लावला. "अप्पा, एखादा साधा फोटो न्हाई का? नुसत्या म्हशीचा?"

"साधा फोटो कोण काढतंय, सर? आमच्याकडं बैलाचा वाढदिवस असला तरी हार-गॉगल लागतोच. कमी पडले असतील तर अजून पाठवतो!"

"नको नको," धम्मानंद घाईनं म्हणाला.

पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हता. त्यानं चितारीला बजावलं, शुभेच्छुक नकोत. यंत्रानं त्यातला 'शुभेच्छुक' तेवढा ऐकला आणि चेहऱ्यांच्या दोन ओळी केल्या. मग त्यानं अप्पांच्या सगळ्या फोटोंचा खालचा पट्टाच कापून टाकला आणि यंत्राला पुन्हा शिकायला बसवलं. शुभेच्छुक गेले, पण त्यांच्याबरोबर म्हशीचे पायही गेले. गॉगल मात्र जागच्या जागी.

"हिच्यापेक्षा पहिली बरी," ज्योत्स्ना म्हणाली. "ती निदान उभी तरी हाय."

"पहिलीच घेऊन जाऊ. लपवायचं न्हाई काही. विहीर गावाची म्हणतो, तर गाळ पण गावाला दिसू दे."

रविवारी सभागृह भरलं होतं. पाट्या रंगवणारी रेणुका पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसली होती. "सर, फ्लेक्स आलं तवा माझ्या बापाचा कुंचला गेला. आता ही तुमची चितारी माझा न्यायला आली का?"

शेजारी बसलेले अप्पा छताचा पंखा न्याहाळू लागले. धम्मानंदनं घाईघाईनं चितारी सुरू केली. भिंती रंगवणाऱ्या म्हाताऱ्या भामाबाई पुढं आल्या. "काढ बाबा, माझी म्हैस काढ."

म्हैस आली. हार आला, गॉगल आला, शुभेच्छुक आले.

भामाबाई पडद्याजवळ गेल्या. "शिंग कुठं हाय हिचं?" त्यांनी विचारलं. शिंगांच्या जागी फेट्याचा तुरा होता. "अरे, ह्याला तर म्हैसच ठाऊक न्हाई!"

आधी भामाबाई हसल्या, मग रेणुका, मग सगळं सभागृह. धम्मानंदला वाटलं, संपलं. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. तो वायरी गुंडाळायला लागला.

"थांबा की सर!" रेणुका डोळे पुसत उठली. "मी लई भिऊन राहिले होते, हे आमची भाकर खातंय म्हणून. हे तर अंगणवाडीतलं लेकरू हाय! ह्याला आम्हीच शिकवावं लागंल. माझी चित्रं घ्या. पण नाव माझं पाहिजे, आणि मी म्हणलं की परत."

"हाव, तेच तर म्हणून राहिलोय वर्षभर!" धम्मानंद ओरडलाच.

"आणि गोठ्यात ये," भामाबाई म्हणाल्या. "आधी म्हैस बघ. तू तरी कधी नीट बघितलीस का?"

धम्मानंदनं मान खाली घातली. बघितली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो चाकूरला गोठ्यांतून हिंडायला लागला.

पुढच्या आठवड्यात चाकूरच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला. 'चितारी समूहाचे हार्दिक अभिनंदन!' मधोमध गॉगलवाली म्हैस होती. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, रेणुका आणि भामाबाईंच्या मध्ये, धम्मानंद हात जोडून हसत होता. गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल.

"अप्पा, असा फोटो मी जन्मात काढला न्हाई!"

"मला बी ठाऊक हाय," अप्पा म्हणाले. "बैठकीतला तुमचा चेहरा दिला, बाकी तुमच्या चितारीनंच काढलं. ह्यावेळी बघा, चेहरा किती हुबेहूब आलाय!"