उमाच्या अंगात आलेला अलंकार

इंग्रजीचे अलंकार पाठ करायचे नसतात, जगायचे असतात, हे चिंतामण सरांचं ठाम मत होतं. मत ठाम नाही असा एकही विषय त्यांच्याकडे नव्हता! मॅट्रिकला नेमलेले धडे, कविता सगळं उगाळून झालं आणि परीक्षेच्या तोंडावर त्यांनी वर्गाला शेवटचा गुरुमंत्र दिला.

"घरी अलंकार वापरा! ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे काय? मुक्या वस्तूला, ती ऐकत असल्यासारखी मारलेली हाक. मारा हाका! बघतो कोण नापास करतो ते!"

पोरांनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. उमानं मात्र मनावर घेतलं. ती पास झाली, तर मॅट्रिक झालेली गावातली पहिली मुलगी ठरणार होती.

रविवारी न्हाऊन, केस मोकळे सोडून उमा परड्यात उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून शेवग्याला म्हणाली, "ओ ट्री! व्हाय आर यू सो सायलेंट?"

तिची आई राहीबाई शेणींची पाटी घेऊन येत होती. मोकळे केस, वर लागलेले डोळे आणि तोंडात इंग्रजी! पाटीच पडली हातातून.

"आवं धावा! पोरीला धरलं!"

इंग्रजी बोलतंय म्हणजे गोरा साहेबच! ओढ्यावरचा पूल बांधणारा साहेब तिथंच बुडाला, असं गावात सांगायचे. घटकाभरात सगळी आळी गोळा झाली. देवऋषी केरबा लिंबू-अंगारा घेऊन हजर झाला.

"आये, अभ्यास करतीया मी!" उमा ओरडली.

"पोरीचा आवाज काढतंय गं बाई!" राहीबाईनं गळा काढला.

"मराठीतलं ऐकू नका," केरबा म्हणाला. "खरं काय ते त्यो आपल्याच भाषंत सांगंल. मास्तरला बोलवा!"

सर आले ते दिग्विजयाला निघाल्यासारखे. "बाजूला व्हा! काही झालेलं नाही. हा साधा ॲपॉस्ट्रॉफी आहे!"

"नाव कळलं!" केरबानं मांडीवर थाप मारली. "आपास्टराफी सायेब!"

सरांनी अलंकार समजावले, कविता समजावली. लोक माना डोलवत होते आणि मागं सरकत होते. शेवटी उमाचा बाप नाथाजी पुढं झाला.

"मास्तर, तुमचं समदं खरं. पर उद्यापासनं साळा बंद. न्हाई ती परीक्षा!"

उमा रडकुंडीला आली. पण हार मानतील तर ते चिंतामण सर कसले! त्यांनी कोट झटकला आणि उमाला विचारलं, "व्हॉट डू यू वॉन्ट?"

पोरगी हुशार. डोळे वटारून घोगऱ्या आवाजात गरजली, "आय वॉन्ट टू पास मॅट्रिक!"

"काय मागतोय? कोंबडं?" नाथाजीनं घाबरत विचारलं.

"मॅट्रिकची परीक्षा! द्यायची राहून गेली म्हणतोय. तेवढी देऊ द्या, कायमचा जातो."

"देऊ दे की मग!" नाथाजीचा जीव भांड्यात पडला. "पर समदं पेपर झाल्याबिगर मधनंच जाऊ नगो म्हनावं!"

उमा पास झाली. इंग्रजीत तर केंद्रात पहिली! सर सत्काराच्या तयारीनं, छाती काढून गावात निघाले. पण हार, नारळ, पेढे सगळे चालले होते पुलाकडं! तिथं पुढच्या वर्षीच्या पोरींना आयांनी केस मोकळे सोडून ओळीनं बसवलं होतं.

सर तणतणत शाळेत परतले. मुख्याध्यापकांकडे गणिताचे तास होते आणि गणिताचा निकाल दरवर्षीसारखाच लागला होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "चिंतामणराव, एक विचारू? तो तुमचा साहेब... गणित घेतो का हो?"